नमाज होईल अशी जागा द्या: सांगली जिल्ह्यातील मशिदींच्या विश्वस्तांना खुलं पत्र

प्रति,
सांगली, मिरज, कुपवाड आणि जिल्ह्यातील मशिदींचे विश्वस्त, मुतवल्ली आणि पेशइमाम साहेब

अस्सलामु अलैकुम व रहमतुल्लाह.

बायकांनी मशिदीत यावं की येऊ नये, हा वाद घालायला हे पत्र लिहिलेलं नाही. त्या वादात आपली पुष्कळ वर्षं गेली आणि तेवढ्यात बायकांच्या वजूसाठी (नमाजेआधी हात-पाय-तोंड धुण्यासाठी) नळ एकही बसला नाही. हल्ली नवी मशीद बांधताना किंवा जुनीवर मजला चढवताना नकाशात एका कोपऱ्यात ‘मस्तुरातसाठी (बायकांसाठी) खोली’ असं लिहिलेलं दिसतं. इरादा चांगला आहे, अल्लाह कबूल करो. पण त्या खोलीत उभ्या राहिलेल्या बाईची नमाज होते का, हे स्लॅब पडायच्या आधी कोणी विचारत नाही. ते आधीच विचारलं जावं म्हणून हे लिहीत आहोत.

मसल्याबद्दल (धर्मनियमाबद्दल) थोडक्यात, कारण ते तुम्हाला ठाऊक आहे. अबू दाऊद या हदीसच्या (पैगंबरांच्या वचनांच्या) संग्रहात इब्ने उमर यांनी सांगितलेली रिवायत आहे: आपल्या स्त्रियांना मशिदींपासून रोखू नका, आणि त्यांची घरं त्यांच्यासाठी अधिक चांगली आहेत. हदीस एकच आहे. एक बाजू तिचा पहिला अर्धा भाग सांगते, दुसरी बाजू दुसरा. हनफी पंथाच्या ‘हिदाया’ या ग्रंथात नोंदलेलं आहे की इमाम अबू हनीफांनी वयस्क स्त्रियांना फज्र, मगरिब आणि इशाला (पहाटेच्या, सूर्यास्तानंतरच्या आणि रात्रीच्या नमाजेला) मशिदीत यायची मोकळीक दिली होती आणि त्यांच्या दोन्ही शिष्यांनी सगळ्याच नमाजांना. पुढच्या हनफी उलेमांनी फितन्याच्या (गैरप्रकाराच्या) भीतीनं स्त्रियांचं येणं मकरूह (नापसंत) ठरवलं. बुखारी या हदीस संग्रहातलं हजरत आयेशा (पैगंबरांच्या पत्नी) यांचं वचन ते दाखला म्हणून देतात: स्त्रियांनी नंतर जे सुरू केलं ते पैगंबरांनी पाहिलं असतं तर त्यांनी रोखलं असतं. शाफई, अहले हदीस या दुसऱ्या पंथांची मतं वेगळी आहेत आणि आपल्याकडे कोकणातून येऊन स्थायिक झालेली शाफई घरंही आहेत. पुण्याच्या एका दांपत्याने २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तेव्हा ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानेच प्रतिज्ञापत्रात सांगितलं की स्त्रियांना नमाजासाठी मशिदीत यायला मनाई नाही, फक्त जमातीनं (इमामाच्या मागं सगळ्यांसोबत) पढणं त्यांच्यावर बंधनकारक नाही. (हाजी अलीचा २०१६ चा निकाल दर्ग्याच्या मजारीपुरता होता. लोक दोन्ही प्रकरणं एकात एक मिसळतात.)

म्हणजे घरची नमाज तिचा हक्कही आहे आणि बहुतेक दिवसांची वहिवाटही. मशिदीची दारं उघडली म्हणून चूल सोडून पाच वक्त कोणी धावणार नाही. पण जी येईल तिची नमाज बिघडू नये. आणि जी घरी पढते तिला शिकायला, ऐकायला, विचारायला कुठंतरी जाता यावं. या दोन गोष्टी आम्ही एकाच पत्रात घातल्या आहेत, कारण एक बिघडली की दुसरी बिघडते.

सगळ्यात मोठी चूक खोलीच्या दिशेची होते. आपल्याकडे किब्ला (मक्केची दिशा) साधारण पश्चिमेला, त्यामुळे मेहराब (इमाम उभे राहतात तो कोनाडा) पश्चिमेच्या भिंतीत. इमाम साहेबांची खोली, सामानाची खोली बहुधा मेहराबीच्या बाजूला असते आणि ‘ही रिकामी आहे, बायकांना देऊ’ असं होतं. या खोलीत उभी राहिलेली बाई इमामाच्या पुढं उभी असते. इमामाच्या पुढं उभं राहून इक्तिदा (इमामाच्या मागोमाग नमाज) होत नाही, नमाज होत नाही. कार्पेट अंथरलं, पंखा लावला, भिंत रंगवली, तरी होत नाही. नकाशावर मेहराबीतल्या इमामाच्या टाचेपासून उत्तर-दक्षिण सरळ रेघ ओढा. बायकांची पहिली सफ (रांग) त्या रेघेच्या पूर्वेलाच हवी, आणि पुरुषांच्या शेवटच्या सफेच्याही मागं असेल तर सगळ्यात उत्तम.

दुसरी चूक गल्लीची. मशीद भरते म्हणून समोरच्या घरात किंवा मदरशाच्या इमारतीत बायकांची सोय केली जाते. मध्ये बैलगाडी जाईल एवढा रस्ता असेल आणि सफा रस्त्यावर जोडलेल्या नसतील, तर हनफी फिकहप्रमाणे (धर्मशास्त्राप्रमाणे) त्या घरातून इक्तिदा होत नाही. स्पीकरचा आवाज पोचला म्हणजे जागा एक झाली असं नाही. समोरचं घर दर्स (धार्मिक धडे), बयान (प्रवचन), मुलींच्या तालीमसाठी जरूर वापरा. तिथं बायकांनी आपापली नमाज पढावी, आणि हे त्यांना स्पष्ट सांगावं. ईदच्या दिवशी अर्ध्या बायका जमात समजून उभ्या आणि अर्ध्या वेगळ्या पढताहेत, असा गोंधळ नको.

बाजूला जागा देणार असाल, म्हणजे मुख्य दालनाच्या उत्तर किंवा दक्षिण अंगाला, तर मध्ये आडोसा हवाच. एकाच जमातीत बाई पुरुषाच्या बरोबरीनं उभी राहिली आणि मध्ये काही नसलं तर हनफी मसल्यात पुरुषाच्या नमाजेचा प्रश्न उभा राहतो. आडोसा म्हणजे नऊ इंची भिंतच असं नाही. पैगंबरांच्या मशिदीत स्त्रियांच्या सफा पुरुषांच्या मागं असत. मुस्लिम शरीफ या हदीस संग्रहात स्त्रियांची शेवटची सफ सगळ्यात चांगली म्हटली आहे, ती याच मांडणीमुळं. लाकडी किंवा सिमेंटची जाळी सगळ्यात बरी. तिच्यातून आवाज येतो, हवा येते आणि पुढची सफ रुकूत (कमरेतून वाकून) गेली हे सावलीसारखं दिसतं. पडदाच लावायचा असेल तर जाड सुती, जमिनीपासून दोन-तीन बोटं वर, खालच्या दुमडीत वजनाला साखळी घातलेला. पातळ सिंथेटिक पडदा पंख्यानं उडतो आणि पहिल्या सफेतल्या बाईच्या तोंडावर येतो. ती सज्द्यात (जमिनीवर कपाळ टेकताना) एका हातानं पडदा धरते.

सफांच्या रेघा काढताना भिंतीला समांतर काढू नका. सांगलीहून किब्ला नेमक्या पश्चिमेला नाही, पश्चिमेपासून उत्तरेकडे साधारण १३ अंशांवर आहे. मुख्य दालन त्याप्रमाणे बांधलेलं असतं, नंतर जोडलेली खोली मात्र गल्लीच्या रेषेत असते. थोडा कल चालतो, ४५ अंशांच्या आत नमाज बिघडत नाही. पण वरची सफ एकीकडे आणि खालची दुसरीकडे तोंड करून, हे बरं नाही. मुख्य दालनातून दोरी ताणून आणा आणि त्या दोरीला काटकोनात पट्ट्या चिकटवा.

मापाचा हिशोब सोपा आहे. एका नमाजी बाईला रुंदीला दोन फूट आणि लांबीला चार फूट लागतात. २० फूट सफ आणि १२ फूट खोली असेल तर दहाच्या तीन सफा, म्हणजे ३० बायका. लहान मुलं येणारच, तेव्हा २४ धरा. १० बाय १० ची खोली १० बायकांचीच आहे हे मान्य करा. तिथं जुम्याला (शुक्रवारी) ४० येतील असं धरून बांधलं की बायका जिन्यावर उभ्या राहतात, सफ तुटते आणि कोणीतरी म्हणतं, ‘बघा, बायका आल्या की गोंधळ होतो.’

आता आवाज. याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण बायकांच्या बाजूला नमाज सगळ्यात जास्त इथंच बिघडते. वरच्या मजल्यावर इमाम दिसत नाहीत. जे काही कळतं ते स्पीकरवरून. त्यामुळं ‘अल्लाहु अकबर’ ऐकलं की रुकू, अशी सवय लागते, आणि नेहमीपेक्षा वेगळं काही आलं की सफच्या सफ चुकते. तरावीहत (रमजानच्या रात्रीच्या जादा नमाजेत) इमाम साहेब सज्द्याची आयत पढून थेट सज्द्यात जातात आणि वर सगळ्या रुकूत. कुरआनात हनफींच्या मते असे १४ सज्दे आहेत. खत्मची (पूर्ण कुरआन पढायची) तरावीह असेल तर रमजानभरात हे १४ वेळा होणार. उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे: दोन रकातींच्या (नमाजेच्या आवर्तनांच्या) आधी माइकवर सांगा, ‘पहिल्या रकातीत सज्दा आहे.’ वित्रच्या (इशानंतरच्या नमाजेच्या) तिसऱ्या रकातीत कुनूत या दुआच्या आधी जी तकबीर (‘अल्लाहु अकबर’) येते, तिलाही नवशिक्या बायका रुकूत जातात. सज्दा-ए-सह्वमध्ये (नमाजेतली चूक भरून काढायच्या सज्द्यांत) इमाम उजवीकडे एक सलाम फिरवून दोन सज्दे करतात. वर तोवर दोन्ही सलाम फिरवून कोणी जानमाजही (नमाजेची चटई) घडी केलेली असते. ईदला दुसऱ्या रकातीत सूरा झाल्यावर तीन जादा तकबिरी आणि चौथी रुकूची. ज्या आयुष्यात पहिल्यांदा ईदगाहला आल्या त्या पहिलीलाच वाकतात. शाफईंच्या सात आणि पाच, तो हिशोब निराळा. हे सगळं ईदच्या नमाजेआधी पाच मिनिटांत, रागे न भरता, सांगून होतं.

लाइट गेल्यावर काय, हे आधीच ठरवा. मुख्य दालनाला इन्व्हर्टर असतो, बायकांच्या स्पीकरची वायर दुसऱ्या बोर्डावरून गेलेली असते. खाली माइक चालू, वर चिडीचूप. दोन्ही स्पीकर एकाच अॅम्प्लिफायरवर आणि तो अॅम्प्लिफायर इन्व्हर्टरवर, एवढं वायरमनला सांगा. त्यातूनही बंद पडलं तर जाळीपाशी उभा असलेला कोणी मोठ्यानं तकबीर पुढं नेईल अशी सोय ठेवा. इमामाच्या हालचाली पाहून किंवा ऐकून कळणं ही इक्तिदेची अट आहे. आवाज पूर्ण तुटला तर बायकांनी काय करायचं ते इमाम साहेबांनी आपल्या मसलकाप्रमाणे (पंथाप्रमाणे) एकदा शिकवून ठेवावं. हनफी किताबांत इमामानं स्त्रियांच्या इमामतीची नियत करण्याची बाबही येते, तीही त्यांनी पाहून घ्यावी. आणि कृष्णाकाठच्या मशिदींना एक सांगणं: २०१९ चा पूर आठवून हे यंत्र तळमजल्याच्या कपाटात ठेवू नका.

रात्री १० ते सकाळी ६ च्या लाउडस्पीकर बंदीचा इथं संबंध नाही. बायकांच्या दालनातला छोटा बॉक्स स्पीकर बंद जागेत, बाहेर ऐकू न जाणाऱ्या आवाजात चालतो. बंद दालनातल्या वापराला नियमात सूट आहे. ‘पोलीस आणि आवाज’ हे कारण फज्र-इशाला पुढं करू नये.

वजूखान्याबद्दल पुरुषांना कल्पना नसते, कारण पुरुष उघड्यावर वजू करतात. बाईला मसहसाठी डोक्यावरचं काढावं लागतं, कोपरापर्यंत बाही वर घ्यावी लागते, पाय घोट्यापर्यंत धुवावे लागतात. ओढणीवरून ओला हात फिरवून मसह होत नाही. म्हणून बंद, आतून कडी असलेली जागा हवी. चार नळ पुरतात. बसायचा ओटा सव्वा ते दीड फूट उंच, कारण येणाऱ्यांत गुडघेदुखीच्या बायका जास्त. प्रत्येक नळासमोर बुरखा आणि ओढणी अडकवायला दोन खुंट्या, आणि त्या नळाच्या शिंतोड्यापासून लांब. फरशीला दहा फुटांना दीड-दोन इंच उतार ठेवा, नाहीतर पाणी साचतं आणि ओल्या पायांनी तीच घाण मुसल्ल्यावर येते. एक शौचालय आणि झाकणाची कचरापेटी हवीच. ही पेटी सांगायला आम्हाला संकोच नाही. तुम्हालाही बसवायला नसावा. पाण्याची काळजी असेल, आणि जत-आटपाडीकडे ती असणारच, तर आठवा की पैगंबर एका मुद पाण्यात वजू करत. एक मुद म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास. नळ धो-धो सोडला तर पाच-सहा लिटर सहज जातं. बारीक धारेचे नळ बसवा, पुरुषांच्या बाजूलाही.

दार वेगळं असावं, पुरुषांच्या चपलांच्या रॅकवरून जाणारं नको. मदीनेच्या मशिदीत एक दार स्त्रियांसाठी सोडलं होतं, आजही ते बाबुन्निसा म्हणून ओळखलं जातं. दाराबाहेर दिवा हवा, इशाला गल्ली अंधारी असते. सलाम फिरवल्यावर पैगंबर थोडा वेळ बसून राहत, तेवढ्यात स्त्रिया निघून जात, ही बुखारीतली रिवायत आहे. आपल्याकडे फर्जनंतरच्या सुन्नती (जादा रकाती) तर पढायच्याच असतात. इमाम साहेबांनी मर्दांना दोन मिनिटं दाराकडे न जाण्याचं सांगितलं की गर्दीचा प्रश्न उरत नाही.

जिना असेल तर पायरी सहा इंचांपेक्षा उंच नको आणि कठडा दोन्ही बाजूंना हवा. ज्या वयस्क बायकांना फिकहनं सगळ्यात आधी मोकळीक दिली, त्यांनाच आपण दुसऱ्या मजल्यावर चढवतो. ज्यांना जमिनीवर सज्दा जमत नाही त्या खुर्चीवर इशाऱ्यानं पढतात. सज्द्याचा इशारा रुकूपेक्षा खाली, एवढं लक्षात ठेवायचं. खुर्चीचे मागचे पाय सफेच्या रेघेवर ठेवावेत, म्हणजे बसलेली बाई सफेत राहते आणि मागच्या बाईच्या सज्द्याच्या जागेत खुर्ची येत नाही. खुर्च्या सफेच्या टोकाला ठेवा. मध्ये ठेवलेल्या खुर्चीनं सफ तुटते.

मुलं रडतात. पैगंबर मुलाचं रडणं ऐकून नमाज लहान करत, आईला त्रास होऊ नये म्हणून. आपल्याकडे मुलाचं रडणं ऐकून माइकवरून आईला बोलणी बसतात.

हैजच्या (पाळीच्या) दिवसांचा प्रश्न मोकळेपणानं सोडवा. मुख्य दालनाच्या वरची गॅलरी हीसुद्धा शरई मशीद आहे, त्या दिवसांत तिथं बसता येत नाही. पण व्हरांडा, दर्सची खोली, मशिदीच्या हद्दीत असून मशीद म्हणून वक्फ न केलेली जागा, तिथं बयान ऐकायला बसता येतं. कोणती जागा कशात मोडते हे इमाम साहेबांनी ठरवून फरशीवर एक पट्टी आणि दारावर एक ओळ लिहिली तर मुलींना दर वेळी कोणाला विचारावं लागणार नाही. उम्मे अतिय्या यांच्या हदीसमध्ये ईदला अशा स्त्रियांनाही बाहेर आणायला सांगितलं आहे, फक्त नमाजेच्या जागेपासून बाजूला बसवून. जिच्याकडे चादर नाही तिला मैत्रिणीनं द्यावी, इतक्या बारकाईनं सांगितलं आहे.

आता घरची नमाज. जिल्ह्यातल्या बहुतेक बायका घरीच पढतात आणि पढत राहतील. तिथल्या चुका मशिदीतून दुरुस्त होऊ शकतात. जुम्याचं पाहा. मशिदीतली जमात सुटल्याशिवाय बाईनं जोहर (दुपारची नमाज) पढायची नाही, असं घरोघर मानलं जातं. असं काही बंधन नाही. वक्त लागला की तिनं जोहरच्या चार फर्ज (अनिवार्य रकाती) पढाव्यात. मशिदीत येऊन जुमा पढली तर मात्र त्या दिवशीची जोहर वेगळी नाही. ईदचं उलटं: हनफी घरातली बाई ईदची नमाज एकटी पढू शकत नाही, आणि जमात होईपर्यंत नफिलही (ऐच्छिक नमाजही) पढू नये. हे दोन मसले खुतब्याआधीच्या (जुम्याच्या अरबी प्रवचनाआधीच्या) मराठी-दखनी बयानात वर्षातून दोनदा सांगितले तरी पुष्कळ झालं. पण बयान ऐकायला ती असते कुठं?

वेळापत्रकाची गोष्ट तर हिशोबाची आहे. मोबाइलवर किंवा भिंतीवर मुंबईचं टाइमटेबल असतं. सांगली मुंबईच्या पूर्वेला असल्यानं इथं सूर्य सरासरी सात मिनिटं आधी उगवतो, उन्हाळ्यात तीन-चार आणि हिवाळ्यात दहा-अकरा मिनिटं आधी. थंडीत मुंबईच्या वेळेवर विसंबून शेवटच्या पाच मिनिटांत फज्र पढणारीची फज्र कजा (वेळ टळून गेलेली) झालेली असते. जतला आणखी दोन-अडीच मिनिटांचा फरक. मशिदीनं आपल्या गावाचं पत्रक छापून प्रत्येक घरात एक द्यावं. ओट्याजवळ लावायचं असतं, म्हणून प्लास्टिकचं आवरण घालून.

पढण्याबद्दल. आपल्या बायका मराठी शाळेत शिकलेल्या, दखनी बोलणाऱ्या. नमाज देवनागरीत छापलेल्या पुस्तिकेवरून पाठ केलेली. देवनागरीत ‘कुल हुवल्लाहु’ असं नुक्त्याविना (अक्षराखालच्या टिंबाविना) छापतात आणि तसंच पढलं जातं. घशातल्या क़ाफचं ‘क़ुल’ म्हणजे सांग. जिभेच्या मागच्या काफचं ‘कुल’ म्हणजे खा. ‘क़ल्ब’ म्हणजे हृदय आणि ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा. हे कागदावरून कोणालाही दुरुस्त करता येत नाही, कानानंच होतं. उम्मे हिशाम नावाच्या सहाबियांनी (पैगंबरांच्या समकालीन अनुयायी स्त्रीनं) सूरा क़ाफ पैगंबरांच्या तोंडून, दर जुम्याला मिंबरवरून ऐकून पाठ केली, हे मुस्लिम शरीफमध्ये आहे. दुसरी चूक ओठ न हलवता मनातल्या मनात पढण्याची. हळू पढायचं, पण जीभ हलली पाहिजे. नुसता विचार म्हणजे किराअत (कुरआनपठण) नव्हे.

कपड्यांचं असं की खेड्यात वयस्क बायका साडीत नमाज पढतात. सज्द्यात पोट, पाठ, मनगट उघडं पडतं. हनफी मसल्यात अवयवाचा चौथा भाग तीन वेळा ‘सुब्हानल्लाह’ म्हणण्याइतका वेळ उघडा राहिला तर नमाज जाते. जाळीदार ओढणीतून केस दिसत असतील तर तेही झाकलेले धरत नाहीत. अडीच मीटर जाडसर सुती कापडाची एक चादर घरात फक्त नमाजेसाठी वेगळी ठेवली की प्रश्न मिटतो. मशिदीतही अशा आठ-दहा चादरी धुऊन घडी करून ठेवाव्यात. वजूत नखाला वाळलेली कणीक चिकटलेली असते, तिच्याखाली पाणी जात नाही. नेलपॉलिशचंही तेच. मेंदीचा रंग चालतो. हातात घट्ट बसलेल्या बांगड्या आणि अंगठ्या हलवून खाली पाणी जाऊ द्यायचं.

घरात मियाँ-बिवी जमात करतात, विशेषतः रमजानमध्ये, तेव्हा बाई नवऱ्याच्या शेजारी मुसल्ला टाकते. तिनं मागं उभं राहायचं. मुलगा असेल तर तो बापाच्या उजवीकडे, आई दोघांच्या मागं. १० बाय १० च्या खोलीत दोन सफा व्यवस्थित बसतात, पलंग उभा केला की झालं. नुसत्या बायकांची जमात हनफींकडे मकरूह, शाफईंकडे पसंत. ती झालीच तर इमाम होणारी पुढं नाही, पहिल्या सफेच्या मध्येच उभी राहते. हजरत आयेशा आणि उम्मे सलमा यांच्याबद्दल तशाच रिवायती आहेत. या मतभेदावर कुणी एका बाजूनं दुसरीला फासिक (पापी) ठरवू नये, एवढंच.

मिरजेच्या विश्वस्तांना वेगळं सांगायचं आहे. वॉनलेस हॉस्पिटलपासून आजच्या लहान-मोठ्या दवाखान्यांपर्यंत हे गाव पेशंटांचं आहे. सोबत आलेल्या बायका कर्नाटकातून, सोलापूरकडून येतात आणि आठ-आठ दिवस राहतात. त्यांच्यासाठी ‘घर बेहतर’ ही हदीस कशी लावायची? त्यांचं घर इथं नाहीच. वॉर्डाच्या जिन्याखाली, औषधाच्या दुकानाच्या मागं त्या नमाज पढतात आणि मगरिबचा वक्त तर सव्वा-दीड तासाचा. दवाखान्यांच्या जवळच्या एखाद्या मशिदीनं जोहर, असर (दुपारनंतरची) आणि मगरिब या तीन वक्तांपुरती खोली उघडली तरी पुष्कळ. भिंतीवर दोन ओळी लिहाव्यात: ७७-७८ किलोमीटरहून लांबून आलेली, पंधरा दिवसांपेक्षा कमी राहणारी बाई एकटी पढताना चार फर्जऐवजी दोन पढेल, स्थानिक इमामाच्या मागं मात्र पूर्ण चार. सातारा, कराडकडे पुणे-बेंगळुरू महामार्गालगतच्या मशिदींनाही हेच लागू. पुरुष गाडीतून उतरून मशिदीत जातो आणि बाई गाडीत बसून त्याची वाट पाहते. कजा तिची होते. ख्वाजा शमना मीरांच्या उरसाला मिरजेत हजारो बायका येतात आणि त्यांची सोय गाव करतंच की.

हज-उमराला जाणाऱ्या बायकांचं तर विशेष. आयुष्यात पहिली जमात त्यांना थेट हरममध्ये (मक्का-मदीनेच्या मशिदीत) मिळते, लाखोंच्या गर्दीत. तिथं जवळजवळ प्रत्येक फर्जनंतर जनाज्याची नमाज होते. चार तकबिरी, रुकू नाही, सज्दा नाही. आपल्या बाया सवयीनं वाकतात. उशिरा पोचल्यावर काय करायचं हे कधी शिकवलेलं नसतं. मगरिबची शेवटची रकात मिळाली तर इमामाचे दोन्ही सलाम झाल्यावर उठायचं, एक रकात फातिहा आणि सूरेसह पढून अत्तहिय्यातला (बसून पढायच्या पाठाला) बसायचं, मग दुसरी तशीच पढून पुन्हा बसून सलाम. रुकू मिळाला तर ती रकात मिळाली. हजच्या तालीम शिबिरात तवाफ आणि सई समजावतात, हे नाही. दोन संध्याकाळी मशिदीत प्रत्यक्ष जमातीत उभं केलं की येतं.

शेवटी कमिटीबद्दल. वक्फ बोर्डावर किमान दोन स्त्री सदस्य असाव्यात हे कायद्यात २०१३ पासून आहे. मशिदीच्या कमिटीवर एकदम तेवढं आम्ही मागत नाही. बायकांच्या दालनाचा खर्च, सफाई आणि वेळा ठरवायला मोहल्ल्यातल्या तीन बायका घ्या, एवढंच. एक शिकवणारी, एक वयस्क आणि एक लहान मुलांची आई. नळ गळतोय, पंखा आवाज करतोय, हे त्या मोअज्जिन साहेबांना थेट सांगू शकतील अशी वाट ठेवा. आज हे निरोप नवऱ्याकडून मुलाकडे आणि मुलाकडून कमिटीकडे जातात, आणि पोचेपर्यंत रमजान संपतो.

पैसे कमी असतील तर काम या क्रमानं करा: आधी वजूची जागा आणि दार, मग स्पीकरची वायर, मग कार्पेट. उलट करू नका. कार्पेटला देणगीदार लगेच मिळतो, ड्रेनेजला मिळत नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी उलटंच होतं.

आणि ज्या मशिदींत खोली बांधून तयार आहे तिथं एकच प्रश्न उरतो. तिला कुलूप असतं. चावी चौकीदाराकडे, चौकीदार जोहरला जेवायला गेलेला, आणि खोलीत ईदचे मंडप, जास्तीच्या खुर्च्या, जुने जनरेटर. रमजानच्या आधी ते सामान दुसरीकडे हलवा, आणि चावी पाच वक्त कोणाकडे राहील ते नाव दारावर लिहून लावा.

वस्सलाम,
मिरज आणि सांगलीतील काही नमाजी भगिनी व त्यांना साथ देणारे भाऊ